घाम फुटलेला बर्फ

आमच्या घरात बर्फाला तीन नावं होती. लादी फोडताक्षणी निघतो तो कोरडा, बोटांना चिकटणारा बर्फ म्हणजे कडक. गोणपाटावर थोडा वेळ पसरून ठेवला की ज्याच्या अंगावर पाण्याचे थेंब धरतात तो घामट. आणि ज्याचं निम्मं पाणी झालंय, जो वाट फुटेल तिकडे वाहत सुटतो, तो रडका. रडका बर्फ आम्हा भावंडांच्या वाट्याचा. तो एकमेकांच्या पाठीत जायचा, नाहीतर लिंबाच्या सरबतात. आमच्या सरबताला माशांचा वास यायचा, हे मला मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा सरबत प्यायले तेव्हा कळलं. तोवर मला वाटायचं, लिंबाचाच तो वास.

अब्बा मासे विकत नसत, भरत असत. हा फरक लोकांच्या लक्षात येत नसे आणि अब्बांना त्याचा राग येई. उरण-पनवेलकडून माशांच्या गाड्या निघायच्या आणि जुन्या रस्त्याने घाट चढून पुण्याकडे जायच्या. आमचं चौक गाव बरोब्बर मध्ये. ड्रायव्हर इथल्या धाब्यावर चहाला, जेवायला थांबत आणि तेवढ्या वेळात अब्बा गाडीतल्या टोपल्या उपसून, रडका बर्फ काढून, नवा भरून देत. घाटात गाड्या तासन्‌तास अडकायच्या. अब्बांनी भरलेला मासा त्यातूनही वर ताजाच पोचतो, असं ड्रायव्हर म्हणत. पहाटे मला जाग यायची ती बर्फ फोडण्याच्या आवाजाने. लादी गोणपाटात गुंडाळून त्यावर कपडे धुवायची मोगरी हाणायची, की आधी धप्प धप्प आणि मग आतून करकर. अम्मा म्हणायची, "माझी मोगरी कापडं कमी आनि बर्फच जास्ती धुते."

कोणत्या माशाला कोणता बर्फ, हे अब्बांचं शास्त्र होतं. सुरमई, हलवा असल्या धट्ट्याकट्ट्यांना कडक. बोंबलाला घामट, तोही मध्ये केळीचं पान घालून. टोपलीच्या भोवती भाताचा तूस ठासायचा, गिरणीवाला तो असाच देई. तुसात हवा अडकते, अडकलेली हवा उन्हाला आत येऊ देत नाही, हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळालं. अब्बांना ते पुस्तकाशिवायच ठाऊक होतं. त्यांना कुराण वाचता यायचं, पण मराठी अक्षरओळख नव्हती. गाडीच्या पाटीवर काय लिहिलंय ते ते मला विचारत आणि मी सांगेन त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

मग नवा मोठा रस्ता झाला. गाड्या चौकात उतरेनाशा झाल्या. वरून भुर्र जाऊ लागल्या. जुन्या रस्त्याने येणारी एखाददुसरी गाडी थांबे, तीही पत्र्याच्या थंड डब्याची, आतच मशीन बसवलेली. धाबे ओस पडले, टायरवाल्यांनी दुकानं बंद केली, आणि अब्बा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करू लागले. घरात बसलेला कर्ता माणूस ही फार अवघड गोष्ट असते. अब्बा भांडी मांडायला लागले, मग ती मांडलेली भांडी अम्मा पुन्हा मांडायची. जेवताना कुणी बोलत नसे. तांदळाची भाकरी मोडल्याचासुद्धा आवाज ऐकू यायचा.

बारावी झाल्यावर मला साजगावला नोकरी लागली. एका शेडमध्ये औषधं पेट्यांत भरून बाहेरगावी पाठवण्याचं काम चाले. कंपन्या औषधं आणून देत, आम्ही ती थंड खोलीत ठेवायची, मागणी आली की भरायची आणि टेंपोत चढवायची. माझं काम लिहिण्याचं: कोणती पेटी, आत किती अंश, कुणी भरली. आमचे साहेब म्हणजे भोईर सर. कोंडाणे गावाकडच्या शेतकरी घरातला माणूस, बीएस्सी झालेला, शर्ट कायम खोचलेला. शांत असले की पुस्तकी मराठी बोलत, चिडले की घरची भाषा बाहेर पडे. त्यांची चिडायची वेळ वारंवार येई, कारण त्या उन्हाळ्यात आमच्या पेट्या मुक्कामाला गरम होऊन पोचत होत्या. दोन ते आठ अंशांत राहायला हवं असलेलं औषध पंधरा-सोळावर निघायचं आणि कंपनीवाले फोनवरून सरांची हजेरी घ्यायचे.

मी धीर करून म्हटलं, "सर, माझे अब्बा बर्फाचं काम जाणतात."

"मासेवाले ना?"

"मासे भरनारे," मी म्हटलं. घरचा राग माझ्याही अंगात होता.

महिनाभर बघू, या बोलीवर अब्बांना घेतलं. पहिल्या दिवशी ते ईदचा शर्ट इस्त्री करून घालून आले. शेडमधले सगळे त्यांना लगेच चाचा म्हणू लागले. तिथला बर्फ त्यांना नवा होता: पाणी भरून गोठवलेले चपटे प्लास्टिकचे डबे, त्याला आइसपॅक म्हणत. अब्बांनी पहिला आइसपॅक हातात घेऊन, उलटापालटा करून म्हटलं, "बर्फाला कपडे घातले हायत रे यांनी!"

सरांनी शेवटी चाचणी लावली. धनुर्वाताच्या लशीच्या मुदत संपलेल्या बाटल्या एका कंपनीने त्यासाठी दिल्या होत्या. तीन तऱ्हेच्या पेट्या भरायच्या, सोलापूरला जाणाऱ्या टेंपोत ठेवायच्या आणि तिसऱ्या दिवशी टेंपो परत आला की उघडून बघायच्या. पहिली आमची नेहमीची, पातळ थर्माकोल आणि वर पुठ्ठा. दुसरी सरांनी मुंबईहून मागवलेली, आतून चंदेरी कागद लावलेली, दिसायला नवरीसारखी. तिसरी अब्बांची: जाड थर्माकोलची पेटी, ती मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेली, आणि मधल्या फटीत सगळीकडून भाताचा तूस. तूस बघून पोरं हसली. सर म्हणाले, "हसू नका. जी पेटी टिकेल तिच्यातच पुढचा खरा माल जाणार."

महिना संपायला आठवडा उरला होता. अब्बांचं काम राहणार की ते पुन्हा ओट्यावर बसणार, हे त्या पेटीवर ठरायचं होतं. अब्बांनी फ्रीजरच्या तळातले, अगदी खडखडीत आइसपॅक निवडून काढले. हात चिकटू नये म्हणून फडकं गुंडाळून एकेक उचलला, बिस्मिल्ला म्हणून चारही बाजूंना बसवला आणि बाटल्या मधोमध, पॅकना अगदी खेटून. मी विचारलं, एवढा गार कशाला?

"औषध हाय गं. लोकांच्या जिवाचं. त्याला हलका माल कसा द्यायचा? कडकच पायजे."

तिसऱ्या दिवशी दुपारी टेंपो आला. पहिली पेटी उघडली, चौदा अंश. चंदेरी पेटी, नऊ. अब्बांची उघडली तेव्हा तुसाचा भाताच्या खळ्यासारखा वास आला आणि आत थर्मामीटर चारवर. बरोब्बर चार. हसलेल्या पोरांनीच टाळ्या वाजवल्या. सरांनी अब्बांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चाचा, उद्यापासून शेडमध्ये तुमचीच पेटी." मी वही उघडली. अंशाच्या रकान्यात चार लिहिलं. शेजारी एक रकाना होता, बाटली हलवून पाहिली का; त्यात मी बाटलीला हातही न लावता 'ठीक' लिहून टाकलं. आनंदात. अब्बा वहीत डोकावून म्हणाले, "काय लिवलंस? वाच बघू." मी वाचलं, "चार अंश. ठीक." ते शब्द त्यांनी पुटपुटून पाहिले आणि पाणी प्यायला गेले.

तो रकाना कशासाठी होता ते सांगायला हवं. ही लस थंड लागते, पण गोठलेली चालत नाही. एकदा गोठली की कामातून गेली, मग पुन्हा वितळली तरी उपयोग नाही. वरून ओळखूही येत नाही. आमच्या भिंतीवर कागद लावला होता: बाटली जोरात हलवा, शेजारी न गोठलेली बाटली तशीच हलवून ठेवा, अर्धा तास थांबा. जिच्यात गाळ लवकर खाली बसेल ती गोठून गेलेली. आता पेटीत बोटभर यंत्र ठेवतात. ते सगळ्या प्रवासाचा आलेख काढून देतं, कुठे किती अंश झाले त्याची चहाडी करतं. तेव्हाचा थर्मामीटर फक्त उघडलं त्या घटकेचं सांगायचा. आधी काय घडलं त्याबद्दल मुका.

सगळे चहाला गेले. मला वहीतला तो शब्द टोचायला लागला होता, म्हणून मी अब्बांच्या पेटीतली एक बाटली आणि थंड खोलीतली एक अशा दोन घेऊन हलवल्या आणि खिडकीत ठेवल्या. मनात म्हटलं, नुसती खात्री. अर्धा तास जावाच लागला नाही. अब्बांच्या बाटलीत पांढरे कण तरंगत तरंगत खाली आले आणि तळाशी बसले. वर स्वच्छ पाणी. थंड खोलीतली अजून दुधट होती. मी अब्बांच्या पेटीतली आणखी एक काढली, मग तिसरी. सगळ्यांचं तेच. मी बाटल्या पुसून परत पेटीत ठेवल्या, वही मिटली आणि कुणाशी काही बोलले नाही. भित्रेपणाला मी आजवर बरीच चांगली नावं देऊन पाहिली आहेत. तो भित्रेपणाच होता.

संध्याकाळी घरी पोचलो तर अम्माने बोंबलाचं कालवण केलेलं. अब्बांनी चौकातल्या टपरीवर उतरल्या उतरल्याच बातमी फोडली होती. कितीतरी दिवसांनी घरात सगळे एकाच वेळी बोलत होते. अम्मा अब्बांना वाढताना म्हणाली, "आता माझी मोगरी सुटली म्हनायची." ताटातल्या बोंबलाकडे बघत मी विचारलं, "अब्बा, बोंबलाला कडक बर्फ लावला तर काय व्हतं?"

"यडी हायस काय? आतलं पानी गोठतं त्याचं. वितळला की मासा नाय राहत, लगदा व्हतो. बोंबील नाजूक जात, त्याला घामटच..." बोलता बोलता त्यांचा हात ताटावर थांबला. "का गं विचारलंस?"

मी सांगितलं. गाळाचं सांगितलं, भिंतीवरच्या कागदाचं सांगितलं. अब्बा ऐकत राहिले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी हात धुतले, जेवण अर्धंच टाकून, आणि विचारलं, "तू तर ठीक लिवलं म्हनालीस. मला वाचून दाखवलंस."

"बघायच्या आधीच लिहिलं होतं, अब्बा."

"आनि बघितल्यावर?"

अम्मा मध्ये पडली. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं: "उद्याच्याला घामट पॅक घालून नीट भरा. झालं गेलं कशाला उकरायचं? त्या बाटल्या तशाबी फेकायच्याच हायत. कोनाचं काय वाईट झालं?"

अब्बांनी ओले हात पुसले. मग म्हणाले, "पोरांनी बघितलं मी कसं भरलं ते. मी उद्या दुसरं भरीन, पन मी नसलो त्या दिवशी पोरं तसंच भरतील. चाचाची पेटी पास झालीय ना, वहीत लिवलंय ना!"

सकाळी आम्ही शेड उघडायच्या आधीच जाऊन उभे राहिलो. बाराला खरा माल घेऊन टेंपो निघायचा होता. सर आले तसे अब्बा पुढे झाले आणि म्हणाले, "सायेब, माझी पेटी नापास हाय. औषध गोठलं. मी त्याला सुरमई समजलो, ते बोंबील निघालं."

सरांना आधी काही कळेना. मी बाटल्या आणून हलवून दाखवल्या. गाळ बसताना सर बघत होते आणि त्यांचे कान लाल होत होते. "मंग वहीत ठीक कोनी लिवलं? तुला भिंतीवरचं वाचता येतंय ना गं? कशापायी ठेवलीय तुला हितं? गाडी बाराला लागतेय, आता त्या कंपनीला मी काय सांगू, माझं डोकं?" मी मान खाली घालून उभी. अब्बांनी मला पाठीशी घातलं नाही. सरांचं बोलणं संपेपर्यंत ते थांबले, मग माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "मासा खराब झाला तर वास मारतो. गिऱ्हाईक फेकून देतं, पोटात जात नाय. ह्या औषधाला वास नाय, शमी. त्याचा वास म्हंजे तुझं लिवनं. तेच खोटं झालं तर मानसाला कळायचं कुठनं?"

सगळ्यांसमोर ते असं बोलल्याचा मला त्या वेळी राग आला होता, तेही सांगून टाकते. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पुढे किती मुलामुलींना मी हे काम शिकवलं, पण अब्बांच्या त्या वाक्यापेक्षा मला जास्त काही सांगता आलं नाही.

सरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं, सरांचं 'हो सर, हो सर' तेवढं येत होतं. फोन ठेवून त्यांनी खरा माल पुढच्या गाडीवर ढकलला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "अजून एक डाव. ह्या वेळी बिघडलं तर दोघांनीबी यायचं नाय."

दुसऱ्या चाचणीला अब्बांनी पेटी तीच ठेवली, तूसही तोच. आइसपॅक मात्र फ्रीजरमधून काढून टेबलावर गोणपाट अंथरून एका ओळीत मांडले, एकमेकांना न चिकटवता, आणि स्टुलावर बसून राहिले. टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. सर दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. "चाचा, किती वेळ?"

"घाम फुटू दे त्याला."

हळूहळू प्लास्टिकवरचं पांढरं बुरशीसारखं हिम गेलं, थेंब धरले. अब्बांनी एक पॅक उचलून कानाशी नेला आणि हलवला. खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा. मग तो माझ्या कानाशी धरला. "ऐक." आत बर्फाच्या भोवती जरासं पाणी डुचमळल्याचा आवाज होता, अगदी बारीक. ते म्हणाले, "आता हा औषधाला जाळनार नाय." एकेक पॅक त्यांनी असा कानाशी लावून पाहिला, एक परत ठेवला, त्याला अजून घाम यायचा होता. बाटल्यांच्या आणि पॅकच्या मध्ये त्यांनी दुमडलेला पुठ्ठा घातला, केळीच्या पानाच्या जागी. मग बिस्मिल्ला म्हणून पेटी बंद केली. पुढे एकदा बाहेरगावहून एक तज्ज्ञ बाई आम्हाला शिकवायला आल्या, तेव्हा त्यांनीही हेच करून दाखवलं. पॅक कानाशी, हलवायचा, पाणी वाजलं पाहिजे. अब्बा मागच्या रांगेत बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी टेंपो आला तेव्हा कुणी टाळ्या वाजवायला जमलं नव्हतं. मी पेटी उघडली, पाच अंश. वही उघडली नाही. बाटली काढली, थंड खोलीतली दुसरी घेतली, दोन्ही हलवल्या आणि खिडकीत ठेवल्या. अब्बा पाठ करून उभे राहिले, तुसाचं पोतं उगीच बांधत आणि सोडत. मी अर्धा तास पुरता जाऊ दिला, वर दहा मिनिटं. दोन्ही बाटल्या सारख्याच दुधट होत्या. एक बाटली पाहून माझं समाधान झालं नाही, मी आणखी चार तशाच चाळीस मिनिटं ठेवून पाहिल्या. सर शेजारी घड्याळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "लिही."

मी लिहिलं. अब्बा आले, वहीवर वाकले. न कळणाऱ्या अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं. "वाच."

"पाच अंश. पाच बाटल्या हलवून चाळीस मिनिटं पाहिल्या. गाळ नाही. पास."

मला वाटलं आता ते हसतील. त्यांनी बोट वर सरकवलं, आधीच्या ओळीवर, जिथे मी 'ठीक' खोडून नवं लिहिलं होतं. "आनि हे?"

मी वाचलं. "चार अंश. बाटल्या गोठून गेलेल्या. नापास. आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच भरले."

"भरनाऱ्याचं नाव?"

ते मी लिहिलं नव्हतं. पहिल्या दोन पेट्यांपुढे भरणाऱ्या पोरांची नावं होती, अब्बांच्या नापास पेटीपुढची जागा मी कोरी सोडली होती. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी तिथे थांबले ते त्यांना कळलं. पेनाकडे बोट दाखवून ते थांबून राहिले. मी लिहिलं आणि न विचारता वाचून दाखवलं, "इब्राहिम हसन."

"हां," अब्बा म्हणाले आणि तुसाचं पोतं उचलायला गेले.